वाचननोंद आणि परीक्षण: गल्लत कुठे होते

कादंबरी वाचून झाली की वाचनकट्ट्यावर कुणीतरी भरभरून बोलतं, आणि ऐकणारे म्हणतात, 'हे लिहून द्या, पुरवणीला पाठवू.' लिहून येतं तेव्हा पहिल्या दोन परिच्छेदांत 'मी रात्रभर झोपलो नाही' असतं आणि शेवटी 'मुखपृष्ठ बोलके आहे, लेखकास पुढील लेखनासाठी शुभेच्छा'. ती धड वाचननोंद नसते आणि धड परीक्षणही नसतं. दोन्ही प्रकार चांगले आहेत, पण त्यांची कामं वेगळी आहेत.

वाचननोंद वाचणाऱ्याच्या वाचनाशी बांधलेली असते. तुम्ही कुठे थांबलात, काय पटलं नाही, कोणतं पान उलटून पुन्हा मागे आलात, हे तिच्यात खरं-खरं असलं की झालं. दुसऱ्याला ते पटलंच पाहिजे असं नाही. परीक्षण मात्र ज्यानं पुस्तक वाचलेलं नाही त्याच्यासाठी असतं, आणि त्यातलं प्रत्येक विधान पुस्तकात बोट ठेवून दाखवता आलं पाहिजे. भावना नोंदीत आणि बुद्धी परीक्षणात, अशी वाटणी बरेचजण करतात. ती चूक आहे. परीक्षण करणाराही हललेला असू शकतो, फक्त आपण कशामुळे हललो हे त्यानं शोधून दाखवायचं असतं.

भास्कर चंदनशिव यांची 'लाल चिखल' ही कथा घ्या. टोमॅटोला भाव मिळत नाही आणि बाप भरबाजारात स्वतःचाच माल पायाखाली तुडवतो. नोंदीत एवढं चालेल: 'शेवट वाचल्यावर मोंढ्यात, म्हणजे शेतमालाच्या बाजारात, कांद्याचा ढीग तसाच टाकून गेलेला माणूस डोळ्यांपुढे आला. पुढची कथा लगेच सुरू करता आली नाही.' हे खरं आहे, पण यातून कथा चांगली आहे हे सिद्ध होत नाही. कदाचित तुमची आठवणच तीव्र असेल. परीक्षणात प्रश्न बदलतो. बापाचा संताप बापाच्या तोंडून न येता पाहणाऱ्या मुलाच्या नजरेतून येतो, म्हणून लेखकाला भावाचं अर्थकारण समजावत बसावं लागत नाही. लाल रंग आणि चिखल हे काम करतात. हे म्हणायचं तर त्या जागेच्या दोन-तीन ओळी उद्धृत कराव्या लागतात. लोक नेमकं तेच टाळतात.

नोंद लिहायची रीत कथेसाठी वेगळी आणि कादंबरीसाठी वेगळी ठेवावी. कथा एका बैठकीत संपते, म्हणून नोंद त्याच दिवशी, दुसऱ्यांदा वाचून लिहावी. पहिल्या वाचनात शेवट काय होतो एवढंच हाती लागतं. दुसऱ्या वाचनात शेवटाची तयारी कुठून सुरू झाली ते दिसतं. कादंबरीत उलटं आहे. संपल्यावर एकदम लिहायला बसलं की शेवट मागचं सगळं आपल्या रंगात रंगवून टाकतो आणि ऐंशीव्या पानावर आलेला कंटाळा आठवत नाही. म्हणून साधारण पन्नास पानांनंतर चार ओळी, मध्यावर चार ओळी आणि संपल्यावर अर्धं पान, असं तारीख टाकून लिहावं. पान क्रमांक त्याच वेळी लिहून ठेवावा. ग्रंथालयाची प्रत परत गेली की तो सापडत नाही आणि मग उद्धरण आठवणीतून लिहिलं जातं, ते बहुधा चुकतं. पुढे मत बदललं तर जुनी ओळ खोडू नये, खाली नवी लिहावी. दीडशे ते तीनशे शब्दांच्या पुढे नोंद गेली की तिच्यात कथानक शिरू लागतं.

परीक्षणाला घाई करू नये. वाचल्यावर आठवडाभर जाऊ द्यावा, आणि मग जे एक विधान टिकून राहिलं असेल त्याभोवती लिहावं. आठशे शब्दांच्या परीक्षणात कथानकाला दीडशे शब्द पुरतात. बाकी जागा भाषा, निवेदक, रचना आणि जिथे लेखन कमी पडलं ती जागा यांची. 'ओघवती शैली', 'वाचकाला खिळवून ठेवते', 'अंतर्मुख करते' हे शब्द कोणत्याही पुस्तकाला लागू पडतात, म्हणून काढावेत. पाठराखण (मागच्या मुखपृष्ठावरचा मजकूर) आणि प्रस्तावना परीक्षण लिहून झाल्यावर वाचावी. आधी वाचली की तिचीच वाक्यं थोडी बदलून उतरतात. शेवटी पुस्तकाचं नाव, लेखक, प्रकाशक, आवृत्तीचं साल, पृष्ठं आणि मूल्य ही चौकट हवीच.

कथासंग्रहाचं परीक्षण सगळ्यात जास्त फसतं. दहा कथा असल्या की दहा परिच्छेद होतात, प्रत्येकात दोन वाक्यं गोष्ट आणि एक शाबासकी. त्यापेक्षा तीन कथा निवडाव्यात: सर्वांत जमलेली, फसलेली, आणि संग्रहाचा स्वभाव सांगणारी. उरलेल्यांची नावंही घेतली नाहीत तरी चालतं. जमलेल्या कथेचा शेवट मात्र सांगू नये. कादंबरीचा शेवट कळला तरी वाचायला बरंच उरतं, कथेचं तसं नसतं.

आपल्या मराठवाड्यातल्या लेखनाबाबत आणखी एक अडचण येते. बोली आपल्या घरची निघाली की वाचणारा सुखावतो आणि तेवढ्यावर पुस्तकाला पसंती देऊन मोकळा होतो. नोंदीत हे सुख जरूर लिहावं. 'दस्ती' (हातरुमाल) हा शब्द पानावर दिसला आणि आजी आठवली, तर तसं लिहावं. परीक्षणात मात्र बोली काय काम करते ते पाहावं लागतं. ती फक्त संवादांत आहे आणि निवेदन प्रमाण मराठीत आहे, की सगळं सांगणंच बोलीत आहे? रा. रं. बोराडे यांच्या 'पाचोळा'मध्ये (१९७१) शिंप्याची बायको सगळी कहाणी तिच्या बोलीत सांगते, त्यामुळे तिला जेवढं दिसतं तेवढंच आपल्याला दिसतं आणि घर तिच्या डोळ्यांदेखत मोडत जातं. इथे बोली काढली तर कादंबरीच उरत नाही. संवादापुरती बोली असलेल्या पुस्तकाबद्दल हे म्हणता येणार नाही, आणि 'मातीचा गंध' असं म्हणून दोन्हींना एका मापानं मोजणं दोन्ही लेखकांवर अन्याय आहे. परीक्षण पुण्या-मुंबईच्या अंकाला जाणार असेल तर मोंढा, सालगडी हे शब्द वाक्याच्या ओघात उलगडावेत.

नोंदीतून परीक्षण करायचं असेल तर नोंदीतली प्रत्येक 'मला वाटलं'ची ओळ घ्यावी आणि तिच्यापुढे 'कोणत्या पानामुळे?' असं लिहावं. ज्या ओळीला पान मिळतं ती परीक्षणात जाते, जिला मिळत नाही ती नोंदीतच राहू द्यावी. लेखक ओळखीचा असेल आणि प्रत 'सप्रेम भेट' आली असेल, तर नोंद खुशाल लिहावी. परीक्षण दुसऱ्या कुणाला द्यावं, किंवा ओळख आहे हे पहिल्याच परिच्छेदात सांगावं.