उत्तर पर्यायांतूनही येतं

बसप्रवाशांच्या पाहणीच्या फॉर्ममधला एक प्रश्न: ‘बस वेळेवर येते आणि स्वच्छ असते का?’ पर्याय दोनच: हो किंवा नाही. कात्रजहून शिवाजीनगरला निघालेल्या माणसाची बस चकाचक होती, पण अर्धा तास उशिरा आली, तर त्याने काय निवडायचं? काहीतरी निवडावंच लागतं, नाहीतर फॉर्म पुढे सरकत नाही. एकदा ते उत्तर टक्केवारीत मिसळलं की तक्रार उशिराची होती की कचऱ्याची, हे कुणालाच सांगता येत नाही.

एका प्रश्नात दोन गोष्टी विचारण्याची ही चूक निदान वाचताना लक्षात येते. पर्यायांमधली चूक लक्षातही येत नाही, म्हणून मला ती जास्त घातक वाटते. जर्मनीत मानसशास्त्रज्ञ नॉर्बर्ट श्वार्ट्झ आणि सहकाऱ्यांनी १९८५मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग पाहा. प्रश्न साधा होता: रोज टीव्ही किती वेळ पाहता? एका गटाला दिलेले पर्याय ‘अर्ध्या तासापर्यंत’पासून सुरू होऊन ‘अडीच तासांहून जास्त’ला संपत होते. दुसऱ्या गटाचा पहिलाच पर्याय ‘अडीच तासांपर्यंत’ होता आणि शेवटचा ‘साडेचार तासांहून जास्त’. पहिल्या गटात १६.२ टक्के लोकांनी अडीच तासांहून जास्त टीव्ही पाहतो असं सांगितलं, दुसऱ्या गटात ३७.५ टक्के लोकांनी.

यात कुणी खोटं बोललं नव्हतं. टीव्हीपुढे गेलेल्या मिनिटांचा हिशेब कुणी ठेवत नाही, त्यामुळे आपण अंदाज बांधतो. अंदाजासाठी आधार लागतो, तो समोरच्या पर्यायांत सापडतो. मधला पर्याय म्हणजे चारचौघांचं प्रमाण, असं आपण न कळत धरून चालतो आणि स्वतःला त्याच्या आसपास बसवतो.

स्वारगेटच्या थांब्यावर ‘बससाठी साधारण किती वेळ थांबता?’ विचारून पर्याय दिले, तर हेच होणार. त्यापेक्षा ‘आज किती मिनिटं थांबलात?’ विचारून रिकामी चौकट द्यावी. आजचं आठवतं, ‘साधारण’ मात्र मनाने रचावं लागतं.

गोखले अर्थशास्त्र संस्थेने धनंजयराव गाडगीळांच्या मार्गदर्शनाखाली १९३६-३७मध्ये पुण्याची सामाजिक-आर्थिक पाहणी केली होती. अशा पाहणीत प्रश्न विचारणारा समोर बसलेला असला की ‘म्हणजे नक्की काय?’ असं विचारता येतं. मोबाइलवरच्या फॉर्मला ते विचारता येत नाही. त्यात मजकूर ‘आपल्या प्रवासानुभवाच्या समग्र गुणवत्तेबाबत आपण कितपत समाधानी आहात?’ अशा थाटाचा असला, तर लोक तीन तारे देऊन मोकळे होतात.

म्हणून फॉर्म पाठवण्याआधी तो चार-पाच प्रवाशांकडून मोठ्याने वाचून घ्यावा. ‘यात काय विचारलंय, तुमच्या शब्दांत सांगा’ एवढंच म्हणावं आणि गप्प बसावं. ‘स्वच्छतेबद्दल काय वाटतं?’ या प्रश्नावर एकजण बसच्या सीटबद्दल बोलेल, दुसऱ्या बाई थांब्यामागच्या कचऱ्याबद्दल. मग प्रश्न ‘आजच्या बसमध्ये आतून स्वच्छता कशी होती?’ असा होतो आणि थांब्यासाठी वेगळा प्रश्न लिहावा लागतो.