मागे कललेल्या इमारती सरळ कशा झाल्या

मुंबईत सीएसएमटीसमोर उभं राहून घुमट फ्रेममध्ये घ्यायचा तर मोबाइल वर करावाच लागतो, आणि फोटोत इमारत वर निमुळती होऊन मागे कललेली दिसते. दोष भिंगाचा नाही. सेन्सर भिंतीला समांतर असेल तरच उभ्या रेषा समांतर उमटतात. कॅमेरा कलला की त्या एकमेकींकडे झुकतात. आज फोटोशॉपमध्ये हे क्षणात निस्तरता येतं, पण ही खटपट फोटोशॉपच्या कितीतरी आधीची आहे.

भात्याच्या जुन्या कॅमेऱ्यात हा प्रश्न उद्भवूच देत नसत. फोटो उमटायची काच उभी ठेवायची आणि भिंग बसवलेली पुढची पाटी तेवढी वर सरकवायची. कळसही फोटोत येई आणि भिंतीही ताठ राहत. जर्मनीत आल्ब्रेख्त मायडेनबाउअर १८५८ मध्ये वेट्झलारच्या कॅथेड्रलची मापं घेताना उंचावरून पडता पडता वाचले. मापं फोटोवरूनच काढावीत, हे त्यांच्या मनाने तेव्हा घेतलं. १८८५ मध्ये त्यासाठी बर्लिनला सरकारी संस्थाच सुरू झाली.

पण फोटो तिरका आलाच तर? मला या इतिहासातला हाच भाग सर्वांत मोलाचा वाटतो. ल्युमिएर बंधूंचे सिनेमाचे कॅमेरे बनवणाऱ्या झ्यूल कार्पांतिए यांनी १९०१ मध्ये तिरकस फोटो सरळ करणाऱ्या एन्लार्जरचं, म्हणजे निगेटिव्हवरून मोठा फोटो छापणाऱ्या यंत्राचं, पेटंट घेतलं. त्याचाच आधार घेऊन ऑस्ट्रियन सैन्यातले कॅप्टन थिओडोर शाइम्फ्लुग यांनी १९०४ मध्ये आपली पद्धत मांडली. त्यांना हवेतून काढलेल्या तिरप्या फोटोंवरून नकाशे करायचे होते. निगेटिव्ह, भिंग आणि कागद यांची प्रतलं वाढवली असता एकाच रेषेत मिळाली, तर सगळं चित्र स्पष्ट उमटतं. डार्करूममध्ये पुढे अनेक दशकं हेच चाललं. कागदाची एक बाजू खाली केली की इमारतीचा निमुळता माथा रुंदावे. तिथे प्रकाश लांबून येई, म्हणून त्या बाजूला एक्स्पोजर जास्त द्यावं लागे.

३५ मिमी कॅमेरे आले आणि भाता गेला. निकॉनने १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला सरकणारी लेन्स काढली, कॅननने १९७३ मध्ये कलणारीही. त्या महाग होत्या.

संगणकाने कागद कलवण्याचं काम गणितावर सोपवलं. चार कोपरे दाखवले की त्यांच्या आठ निर्देशांकांवरून प्रत्येक पिक्सेलची नवी जागा ठरते. २००५ च्या फोटोशॉप सीएस२ मध्ये त्यासाठी लेन्स करेक्शन ही सोय आली. २०१३ च्या लाइटरूम ५ या फोटो-सॉफ्टवेअरमधलं अपराइट हे साधन तर रेषा स्वतःच शोधू लागलं. गिंप आणि डार्कटेबल ही सॉफ्टवेअर उभ्या रेषा सरळ करण्याचं काम फुकट करतात.

मात्र ताणलेल्या माथ्याचे बारकावे पुसट होतात आणि कडा कापल्या जातात. म्हणून फोटो काढतानाच चहूबाजूंनी जागा सोडावी. उंच टॉवर पूर्ण ताठ केला तर वरून फुगल्यासारखा दिसतो. तिथे रेषा किंचित झुकलेल्याच राहू द्याव्यात.