अमिनो ॲसिड आणि ग्लायकोलिक ॲसिड: एक ओलावा धरतं, दुसरं साल काढतं

ॲसिड म्हटलं की चेहरा चुरचुरणार, म्हणून कितीतरी जण अमिनो ॲसिडच्या सीरमला हात लावत नाहीत. काही जण उलट त्याच सीरमने काळे डाग जातील म्हणून महिनाभर वाट बघतात. दोघांचीही गल्लत एकच: अमिनो ॲसिडला ते ग्लायकोलिकसारखं साल काढणारं ॲसिड समजतात.

रेणू पाहिले तर घोटाळा साहजिक वाटतो. ग्लायसिन हे सर्वांत छोटं अमिनो ॲसिड, रेणुभार ७५, ग्लायकोलिकचा ७६. फरक एका टोकाचा: ग्लायसिनला तिथे अमिनो गट, ग्लायकोलिकला हायड्रॉक्सिल. त्या अमिनो गटामुळे ग्लायसिनची आम्लता रेणूतल्या रेणूतच फिटते, द्रावणाचा पीएच (आम्लतेचं माप, जितका कमी तितकं ॲसिड तीव्र) ६ च्या आसपास राहतो, आणि साल काढण्याची ताकद उरत नाही.

अमिनो ॲसिडचं काम पाणी धरण्याचं. त्वचेच्या सर्वांत वरच्या थरात ओलावा टिकवणारे जे नैसर्गिक घटक असतात, त्यांत सुमारे ४० टक्के अमिनो ॲसिडच असतात. फिलॅग्रिन नावाचं प्रथिन तुटून ती तयार होतात. दिवसातून चार वेळा फेसवॉश केला की ती धुऊन जातात. मुंबईत बीकेसीच्या ऑफिसांत दिवसभर एसीत बसणाऱ्यांनी सीरम ओलसर चेहऱ्यावर लावून वर मॉइश्चरायझर लावावं, नाहीतर ओलावा उडून जातो. जुलैच्या दमट हवेत मात्र हलकं जेल पुरतं. ‘कोलाजेन वाढवतं’ हा दावा सोडून द्या. कोलाजेनमध्ये ग्लायसिन असतं खरं, पण दारात विटा टाकल्या म्हणून भिंत उभी राहत नाही.

ग्लायकोलिक मृत पेशींमधली पकड सैल करतं. घरगुती वापरासाठी १० टक्क्यांपर्यंत आणि पीएच ३.५ किंवा त्याहून वर, ही सुरक्षित मर्यादा मानली जाते. सुरुवात ५ टक्क्यांनी, आठवड्यातून दोन रात्री, पूर्ण कोरड्या चेहऱ्यावर. ओल्या त्वचेवर ते जास्त झोंबतं. त्याने त्वचा उन्हाला हळवी होते, म्हणून लोकलची वाट बघत उघड्या प्लॅटफॉर्मवर उभं राहणाऱ्यांनी सनस्क्रीन चुकवू नये. ग्लायकोलिक बंद केल्यावरही आठवडाभर लावत राहावं.

दोन्ही वापरायची तर रात्री वाटून घ्या: एका रात्री ग्लायकोलिक, दुसऱ्या रात्री अमिनो ॲसिड. आर्जिनिन हे अमिनो ॲसिड अल्कधर्मी असतं. ग्लायकोलिकवर लगेच ते थापलं तर पीएच वर सरकतो आणि ॲसिडचा जोर कमी होतो. चेहरा लाल होऊन साधं पाणीही झोंबू लागलं तर ग्लायकोलिक बंद. अमिनो ॲसिड आणि सिरॅमाइड (त्वचेतला स्निग्ध घटक) असलेलं साधं क्रीम तेवढं चालू ठेवा. आठवडाभरात उतार पडला नाही तर त्वचातज्ज्ञ गाठा.

घेताना बाटलीची मागची बाजू वाचा. ग्लायसिन, सेरिन, आर्जिनिन आणि ओलावा धरणारं सोडियम पीसीए ही नावं फिनॉक्सीइथेनॉलच्या आधी हवीत. ते परिरक्षक १ टक्क्यापर्यंतच घालतात, त्यामुळे त्याच्या मागे लागलेले घटक बहुधा नावापुरते असतात.