छप्पर नसलेली खोली

भूखंड ४५ चौरस मीटरचा, म्हणजे पाचशे चौरस फूटही नाही. त्यावर स्वतंत्र घर, तेही पुढे वाढवता येईल असं, कसं बसवायचं? नवी मुंबईतल्या बेलापूरला १९८३ ते १९८६ मध्ये वास्तुविशारद चार्ल्स कोरियांनी हे गणित सोडवलं ते उघड्या जागेलाच खोली मानून. सात घरांना मिळून साधारण ८ मीटर लांबरुंद अंगण, आणि शेजाऱ्याशी सामाईक भिंत नाही. त्यामुळे ज्याला वाढवायचं त्याने आपलं घर वाढवावं.

मला ही कल्पना फार मोलाची वाटते, कारण तिच्यामागे आपल्या हवेचं शास्त्र आहे. दिवसभर तापलेली विटांची भिंत आणि स्लॅब सूर्यास्तानंतरही तास न् तास उष्णता सोडत राहतात. म्हणून रात्री नऊला खोलीत जीव नकोसा होतो. अंगणाची जमीन मात्र आपली उष्णता थेट निरभ्र आकाशाकडे सोडते. किनाऱ्यावरच्या दमट हवेत पारा फारसा उतरत नाही हे खरं, पण वारा लागला की घाम वाळतो, आणि सुख त्यातच असतं.

तो वारा घरात आणायचा तर त्याला बाहेर जायला वाट हवी. एकच खिडकी कितीही मोठी असली तरी वारा दाराशीच अडतो. समोरासमोर दोन झरोके ठेवा. वाऱ्याकडचा थोडा लहान, पलीकडचा मोठा, की झोत जोरात येतो.

पडवी दक्षिणेला असेल तर अर्धं काम सूर्यच करतो. मुंबईत डिसेंबरात भर दुपारीही तो क्षितिजापासून जेमतेम ४८ अंश वर असतो, ऊन वळचणीखालून आत येतं. मे महिन्यात तो डोक्यावर, मग पडवीत सावली. पश्चिमेला ही युक्ती चालत नाही. तिथे ऊन तिरपं, थेट भिंतीवर. वेलाचा मांडव घालावा किंवा न्हाणीघर त्या बाजूला काढावं.

म्हणजे सकाळी अंगण, दुपारी माजघर, संध्याकाळी ओटा. छोट्या घरात माणसंच तासागणिक जागा बदलतात, तेवढ्याने घर मोठं होतं.

पावसाळ्यात अंगण जातं. कोकणात तेव्हा नैर्ऋत्येच्या झडीपासून पडवीला नारळाच्या झावळ्यांची विणलेली झापं लावतात, आणि वाळवण, मुलांचा अभ्यास, गप्पा सगळं तिथे येतं. पाऊस सरला की झापं उतरतात. मग अंगण चोपायला, सारवायला घेतात.