गॅलिलिओ गेला त्याच वर्षी न्यूटन जन्मला?

८ जानेवारी आली की इंदूरच्या रामबागेतल्या आमच्या मराठी ग्रुपवर तो निरोप हमखास येतो: १६४२ साली गॅलिलिओ गेला, त्याच वर्षी न्यूटन जन्मला, एकच आत्मा देह बदलून आला. मीही शाळेत ही जोडी पाठ केली होती. पण ती खरी नाही.

‘तारखेने की तिथीने’ हा वाद शिवजयंतीमुळे आपल्या ओळखीचा आहे. इथे तर दोन्ही तारखाच आहेत, फक्त कॅलेंडरं वेगळी.

जुन्या ज्युलियन कॅलेंडरात वर्ष ३६५.२५ दिवसांचं. ऋतूंचं वर्ष मात्र ३६५.२४२२ दिवसांचं. फरक वर्षाला जेमतेम ११ मिनिटांचा, पण तो साचत जातो आणि सुमारे १२८ वर्षांत पुरा एक दिवस होतो. इ.स. ३२५ च्या सुमारास २१ मार्चला येणारा वसंतसंपात (वसंतात दिवस-रात्र सारखे होतात तो दिवस) १५८२ पर्यंत ११ मार्चच्या आसपास सरकला होता. मग पोप ग्रेगरी तेरावे यांनी दहा तारखा गाळल्या. गुरुवार ४ ऑक्टोबरनंतर थेट शुक्रवार १५ ऑक्टोबर! वारांची साखळी तुटली नाही, हे मला फार आवडतं. पुढे चूक साचू नये म्हणून १०० ने भाग जाणारं वर्ष ४०० नेही भागलं गेलं तरच लीप. म्हणजे ४०० वर्षांत १०० ऐवजी ९७ लीप वर्षं, आणि सरासरी ३६५.२४२५ दिवस.

इटलीने हे लगेच स्वीकारलं, इंग्लंडने १७५२ पर्यंत नाही. गॅलिलिओच्या मृत्यूची ८ जानेवारी १६४२ ही तारीख नव्या कॅलेंडरातली, न्यूटनच्या जन्माची २५ डिसेंबर १६४२ ही जुन्यातली. दोन्ही नव्यात मांडा: १६४२ आणि ४ जानेवारी १६४३. दोन्ही जुन्यात मांडा: २९ डिसेंबर १६४१ आणि १६४२. कुठल्याही एका कॅलेंडरात वर्ष जुळत नाही. एक तारीख इथली, एक तिथली उचलून आत्म्याचा प्रवास सिद्ध करणं मला मनापासून खटकतं.

खरा योगायोगही आहे. स्टीफन हॉकिंग ८ जानेवारी १९४२ ला जन्मले, गॅलिलिओच्या मृत्यूला बरोबर ३०० वर्षं झाली त्या दिवशी, आणि इथे दोन्ही तारखा एकाच कॅलेंडरातल्या. त्यावर हॉकिंग यांचा स्वतःचा अंदाज असा होता, की त्या दिवशी जगात आणखी सुमारे दोन लाख बाळं जन्मली असावीत.