अठ्ठेचाळीस तास सूर्याच्या मागे

ऑक्टोबरच्या शेवटच्या पूर्ण वीकेंडला जगभरातले हॅम रेडिओवाले, म्हणजे हौसेने बिनतारी संपर्क साधणारे, झोप विसरतात, कारण तेव्हा सीक्यू वर्ल्ड वाइड डीएक्स कॉन्टेस्टचा, म्हणजे दूरदूरची स्टेशनं गाठायच्या स्पर्धेचा, आवाजाचा भाग असतो (मोर्सचा नोव्हेंबरात). आपल्याकडे शनिवारी पहाटे साडेपाचला सुरू होतो तो सलग 48 तास. आमची क्लबची टीम शिफ्ट लावून बसते, एक जण माइकवर, दुसरा शेजारी लॉगवर, म्हणजे संपर्कांच्या नोंदीवर, डोळा ठेवून. समोरच्याला सांगायचं एवढंच, "फाइव्ह नाइन, टू टू". फाइव्ह नाइन म्हणजे सिग्नल छान येतोय, आणि टू टू हा आपला झोन, जगाचे असे 40 झोन पाडलेत.

आता पुण्यातल्या गच्चीवरून जर्मनी लागते कशी? पृथ्वी तर वाकलेली आहे. वर साधारण 250 ते 400 किलोमीटरवर आयनांबराचा, म्हणजे वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित भागाचा, एफ थर असतो, सूर्याच्या अतिनील किरणांनी तिथल्या अणूंमधले इलेक्ट्रॉन सुटे होतात आणि ते लाट वाकवून परत खाली पाठवतात. अशा एका उडीत फार तर चार हजार किलोमीटर जाता येतं, म्हणजे जर्मनीला निदान दोन उड्या हव्यात, मधे जमिनीवर किंवा समुद्रावर एक टप्पा.

पण खाली डी थर बसलेला असतो ना, तोच खरा त्रास. तो दिवसा तयार होतो आणि लाट शोषून घेतो, कमी फ्रिक्वेन्सीची जास्तच. फ्रिक्वेन्सी दुप्पट केली की शोषण साधारण चौथाईवर येतं, म्हणून सूर्य वर आला की 40 मीटर बँडवरचा (लाटेच्या लांबीवरून बँडचं नाव पडतं) युरोप हळूहळू विरत जातो आणि आम्ही जास्त फ्रिक्वेन्सीच्या 15 नि 10 मीटरवर उडी मारतो. सकाळी जपान धो धो येतं, दुपारी युरोपात सकाळ झाली की तिकडची गर्दी एकदम उसळते, पन्नास जण एकाच वेळी आपला कॉल साइन, म्हणजे स्टेशनचं अक्षर-आकड्यांचं नाव, ओरडतात आणि माइकवरच्याने त्यातून दोन अक्षरं तरी पकडायची असतात. हे कान तयार व्हायला वर्षं लागतात, मला हा खेळ त्यासाठीच आवडतो. अंधार पडला की डी थर विरतो, मग परत 40, 80.

दुसऱ्या खंडातल्या स्टेशनचे 3 गुण, आशियातल्या दुसऱ्या देशाचा 1, आणि भारतातल्याचा शून्य, तरी प्रत्येक बँडवर एक भारतीय स्टेशन आम्ही शोधतोच कारण नवा देश आणि नवा झोन म्हणून तो गुणक मिळतो, एकूण गुणांना त्यानेच गुणायचं असतं!

शेवटचा अर्धा तास 160 मीटरसाठी राखून ठेवतो, सोमवारी पहाटे पाचला इथेही अंधार आणि युरोपातही. या बँडची डायपोल अँटेना, म्हणजे अर्ध्या लाटेएवढी तार, 80 मीटर लांब होते, गच्चीत मावत नाही, म्हणून तार टाकीपर्यंत उभी चढवून तिथून आडवी नेलीय. खरखरीतून इटलीचा एक आवाज कसाबसा वर येतो, "टू टू, टू टू" तीनदा सांगावं लागतं, मग लॉगमधे ओळ पडते आणि 5.29 वाजलेले असतात.