चॅरिझार्डचे ७८४ बाइट

जुन्या गेममधली चित्रं ओबडधोबड होती, कारण तेव्हाच्या चित्रकारांना जमत नव्हतं, हा समज काही केल्या जात नाही. तो किती चुकीचा आहे हे पाहायला पोकेमॉन या गेममालिकेतला चॅरिझार्ड नावाचा प्राणी पुरेसा आहे.

२७ फेब्रुवारी १९९६ रोजी जपानमध्ये गेम बॉय या हातात धरायच्या गेमयंत्रासाठी ‘रेड’ आणि ‘ग्रीन’ हे गेम आले. त्यातला हा प्राणी अत्सुको निशिदा यांच्या कल्पनेतला. आधी चॅरिझार्ड ठरला आणि त्यावरून उलट्या क्रमाने त्याचं छोटं रूप, चारमँडर. अंगकाठी युरोपीय ड्रॅगनची: दोन पाय, दोन हात आणि वर दोन पंख. हातपाय-पंख मिळून सहा असलेला पृष्ठवंशी प्राणी निसर्गात नाही. पक्ष्यांचे आणि वटवाघळांचे पंख म्हणजे त्यांचे बदललेले हातच. गंमत अशी, की गेमच्या हिशेबात हा ड्रॅगन नाहीच. तो ‘अग्नी’ आणि ‘उड्डाण’ या प्रकारांत मोडतो. पहिल्या १५१ पोकेमॉनमध्ये, म्हणजे गेममधल्या प्राण्यांमध्ये, ड्रॅगन प्रकारातले तिघेच आहेत: ड्रॅटिनी, ड्रॅगोनेअर आणि ड्रॅगोनाइट.

आता खरी मेख. गेम बॉयच्या पडद्यावर चारच छटा दिसतात, म्हणजे दर पिक्सेलला (चित्रातल्या ठिपक्याला) २ बिट. बिट म्हणजे ० किंवा १, आणि ८ बिटांचा एक बाइट. लढाईत समोर दिसणारा चॅरिझार्ड ५६×५६ पिक्सेलचा, म्हणजे ७८४ बाइट. सगळ्या १५१ जणांना एवढीच जागा दिली, तर सुमारे १ लाख १८ हजार बाइट लागतील. अख्खी कार्ट्रिज, म्हणजे गेम साठवलेली डबी, ५१२ किलोबाइटची, आणि त्यात नकाशे, संगीत, संवाद, प्रोग्रॅम सगळंच बसवायचं. म्हणून चित्रं दाबून ठेवलेली असतात.

ती कशी दाबतात? आधी चित्राचे दोन थर करतात, प्रत्येक थरात पिक्सेलमागे एकच बिट. दोन्ही थर बरेच सारखे असतील तर दुसऱ्या थरात फक्त फरक नोंदवता येतो. मग प्रत्येक ओळीत डावीकडून उजवीकडे जाताना बिट बदलला तर १, नाही बदलला तर ०. ०००११११० ही ओळ अशाने ०००१०००१ होते. एकाच छटेचा मोठा पट्टा असला की शून्यंच शून्यं.

पुढे या बिटांच्या जोड्या करतात. ०० ची सलग रांग आली की जोड्या लिहायच्या नाहीत, फक्त त्यांची संख्या लिहायची, आणि तीही काटकसरीने. समजा अशा १० जोड्या आहेत. १० मध्ये १ मिळवा: ११, द्विमान (फक्त ० आणि १ च्या) पद्धतीत १०११. पहिला १ काढून टाका, उरतं ०११, तीन बिट. त्याच्याआधी तेवढ्याच लांबीचं ११० लिहा. वाचणाऱ्या प्रोग्रॅमला पहिल्या शून्यापाशी कळतं की पुढे तीन बिट घ्यायचे आहेत. ११० म्हणजे ६, ०११ म्हणजे ३, त्यात १, झाले १०. वीस बिटांचं काम सहात!

ही पद्धत कुठे फसते, तर बुद्धिबळाच्या पटासारख्या ठिपक्यांच्या छायांकनात. ०१०१०१ मध्ये प्रत्येक पाऊल बदलाचं, त्यामुळे ११ च्या जोड्या येतात, ०० एकही नाही, आणि बचत शून्य. पंखाचा पडदा ठिपक्यांनी भरला तर जागा भसाभस जाते; ठसठशीत रेघ काढून आतला भाग सपाट ठेवला तर तोच पंख स्वस्तात पडतो. खेळाडूच्या बाजूचा, पाठमोरा चॅरिझार्ड तर २८×२८ चाच आहे. तो दुप्पट ताणून दाखवतात, म्हणून त्याचे पिक्सेल विटांसारखे दिसतात.

‘मिसिंगनो’ नावाच्या भुताचा उगमही इथलाच. जपानबाहेर विकल्या गेलेल्या ‘रेड’ आणि ‘ब्लू’ या आवृत्त्यांमध्ये हा अक्राळविक्राळ ठोकळा भेटला की कार्ट्रिज शापित, असं मुलं एकमेकांना सांगत. शाप वगैरे काही नाही. गेममध्ये प्रत्येक पोकेमॉनला क्रमांक असतो; मिसिंगनोच्या क्रमांकाला पोकेमॉनच नेमलेला नाही, त्यामुळे प्रोग्रॅम भलत्याच ठिकाणची माहिती चित्र समजून उलगडू लागतो. उलगडण्यासाठी प्रत्येकी ३९२ बाइटचे तीन कप्पे राखलेले असतात, ७×७ टाइलच्या (८×८ पिक्सेलच्या चौकोनांच्या) चित्राला पुरतील एवढेच. हे ‘चित्र’ त्यात मावत नाही आणि पुढच्या मेमरीवर सांडतं. तिथे ‘हॉल ऑफ फेम’ची, म्हणजे गेम जिंकलेल्या संघांची, नोंद असते, म्हणून नेमकी तीच बिघडते.